आक्काच्या घरची स्थळपाहणी

“जोत्या, लेका, काय जादू केलीस रं? थांब, तुझ्या बायकोला सांगते, नवरा गुणाचा निघाला म्हणून!”

आक्का खिडकीतून ओरडली आणि मी पिठाचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघरातून पळत बाहेर आले. जोतिराम वायरमन समोरच्या खांबावरून उतरत होता. वायरमन खांबावरून उतरतो यात पळत येऊन बघण्यासारखं काही नव्हतं. मी आले ती आक्काच्या आवाजानं. भर दुपारी, देसायांचा खडी क्रशर चालू असायच्या वेळेला, तिच्या तोंडून सबंध वाक्य ऐकून महिने लोटले होते.

“दुरुस्ती हाय, आक्का,” जोतिराम म्हणाला. “उद्या मंचाचं साहेब लोक येनार हायती न्हवं.”

“यिऊ देत की. तू मातर असाच रोज चढत जा.”

एरवी जोतिराम आक्काच्या एका टोमण्याला दोन परत करायचा. त्या दिवशी त्यानं दोरी गुंडाळली आणि मान खाली घालून निघून गेला. मला वाटलं, घाईत असेल.

आक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी रांगत होते. आक्कानंच मला वाढवलं. पुढं ती लग्न होऊन खडकेवाडीला आली, नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. मी एसटीत कंडक्टर झाले. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि बॅग उचलून तिच्याकडे राहायला आले. तोवर तिची फुप्फुसं निकामी होत आली होती. चुलीचा धूर, गावाबाहेरची खाण, नशीब, डॉक्टरांनी बरीच कारणं सांगितली. औषध एकच सांगितलं. घरात ऑक्सिजनचं मशीन ठेवायचं आणि नळी नाकाला लावून बसायचं.

मशीन आलं आणि आक्का पुन्हा माणसात आली. खिडकीशी खाट, नाकाला नळी, आणि समोर गावाचा रस्ता. जाणारा-येणारा कुणी तिच्या शेऱ्याशिवाय पुढं सरकला तर शपथ. कुणाच्या सुनेचं काय चाललंय, कुणाची म्हैस का आटली, सरपंचाचं पोट कुणाच्या पैशानं सुटलं, सगळ्याचा निकाल त्या खिडकीत लागायचा. लोक चिडायचे आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच रस्त्यानं जायचे.

मग देसायांचा क्रशर आमच्याच ट्रान्सफॉर्मरवर जोडला गेला. सकाळी तो सुरू झाला की आमच्या गल्लीतले दिवे विडीच्या टोकासारखे लाल व्हायचे. पंखा फिरतोय की थांबलाय ते कळायचं नाही. मशीन टी-टी करून ओरडायचं आणि बंद पडायचं. स्टॅबिलायझर आणला, तोही हात टेकायचा. मशीन बंद पडलं की आक्का खाटेचा लोखंडी गज धरून कुशीवर पडून राहायची, डोळे भिंतीकडे. खिडकीतून लोक हाका मारायचे आणि ती नुसता हात हलवायची. अडीनडीला एक लहान सिलिंडर ठेवला होता, पण तो भरून आणायला तालुक्याला जावं लागायचं, म्हणून जीव कासावीस झाला तरच तो लावायचा. सरळ सांगायचं तर आक्काचं बोलणं व्होल्टेजवर होतं.

“शहरात खोली घ्या,” डॉक्टर म्हणाले होते.

“तितं कुनाला नावं ठेवू?” आक्का म्हणाली. तो विषय तिथंच संपला.

वीज कंपनीच्या कार्यालयात मी किती खेटे घातले ते मोजलं नाही. तिथले उपअभियंता शेंडगे. गोड बोलायचे. “बाई, क्रशरचा लोड मंजूर आहे. तुमच्याकडचा विजेचा दाब नियमात आहे. तुमच्या घरातलं वायरिंग तपासून घ्या.” मी वायरिंग तपासून घेतलं. मग म्हणाले, मशीन तपासून घ्या. मशीनही तपासलं. पुढच्या खेपेला आक्कालाच तपासून घ्या म्हणतील असं मला वाटायला लागलं होतं. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, कंपनी आणि गिऱ्हाईक यांच्यातल्या भांडणाचा निवाडा करायला कायद्यानं एक मंच नेमलाय. जिल्ह्याच्या गावी बसतो. स्वतंत्र आहे, कंपनीच्या हुकमात नाही.

स्वतंत्र हा शब्द ऐकून मला देव पावल्यासारखं झालं. एसटीत माझ्याविरुद्ध तक्रार झाली की चौकशी करणारा साहेब आमच्याच डेपोत, तक्रार करणाऱ्याच्याच टेबलावर डबा खायचा. इथं निदान तसं नसेल.

मंच होता कंपनीच्याच इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्यावर. खुर्च्यांच्या पाठीवर कंपनीचं नाव. चहा कंपनीच्या कॅन्टीनमधून. तीन माणसं बसायची. अध्यक्ष हुपरीकर साहेब, निवृत्त न्यायाधीश, पांढरे शुभ्र केस, आवाजात मध. त्यांच्या उजव्या हाताला सदस्य सचिव, ते कंपनीचेच कार्यकारी अभियंता. डाव्या हाताला ग्राहकांचे प्रतिनिधी, कुठल्याशा ग्राहक संघटनेचे. तिघांपैकी एकाचा पगार कंपनीचा, तिघांचाही चहा कंपनीचा. तरी मी मनाला समजावलं, चहानं काय होतंय.

शेंडगे उभे राहून म्हणाले, दाब नियमात आहे. मी म्हणाले, नाही. ते पुन्हा म्हणाले, आहे. शेवटी माझा कंडक्टरचा आवाज चढला. “साहेब, आम्ही दोघं इथं आहे-नाही करत बसण्यापेक्षा तुम्ही या आणि बघा. दिवा डोळ्यानं दिसतो. बहीण डोळ्यानं दिसते.”

हुपरीकर साहेबांचा चेहरा खुलला. “बरोबर बोललात. कागदावर कागद चढवण्यात अर्थ नाही. आपण स्थळपाहणी करू.”

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. साहेबांनी तारीख सांगितली, दोन्ही बाजूंना नोटीस द्यायला सांगितली. शेंडग्यांनी तारीख डायरीत लिहिली आणि तिच्याखाली रेघ ओढली. रेघ ओढली हेही मला आवडलं. म्हटलं, माणूस घाबरला.

घरी येऊन आक्काला सांगितलं. संध्याकाळ होती, क्रशर बंद झाला होता, म्हणून तिला उत्तर देता आलं.

“जज्ज येनार? आपल्या घरात? मग मी साडी कंची नेसू?”

अशी ती पाहणी ठरली, आणि पाहणीच्या आदल्या दिवशी जोतिराम खांबावर चढला.

पाहणीला पांढऱ्या गाडीतून तिघं आले. पुढं शेंडग्यांची जीप. आक्का हिरवं इरकल नेसून, केसाला तेल लावून खाटेवर ताठ बसली होती. मशीन मांजरासारखं गुरगुरत होतं. पंखा असा फिरत होता की भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं. सदस्य सचिवांनी बॅगेतून मीटर काढून प्लगला लावला, आकडा बघितला, अध्यक्षांना दाखवला.

“उत्तम आहे,” ते म्हणाले.

“आज उत्तम आहे,” मी म्हणाले. “कालपासनं. काल वायरमन खांबावर काहीतरी करून गेला.”

“नियमित देखभाल,” शेंडगे म्हणाले.

“मग छानच की!” हुपरीकर साहेब हसले. “दुरुस्ती झाली म्हणजे तक्रार मिटली.”

आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. इतक्या महिन्यांनी आक्का दिवसा बोलत होती. भांडण जिंकल्यावर आणखी भांडत बसायची मला सवय नाही. मी म्हणाले, “असंच राहू दे म्हणजे झालं,” आणि पोहे, सरबत बघायला आत गेले. घरी आलेल्या माणसाला तसं कसं पाठवायचं? आक्कानं आधीच बजावून ठेवलं होतं, “जज्जाला नुसत्या च्यावर घालवायचं न्हाई.”

आतून मला त्यांचं बोलणं कळत नव्हतं, मशीनचा आणि पंख्याचा आवाज होता. पण आक्का बोलत होती, थांबत नव्हती. मी पोहे परतत उभी होते आणि तिच्या आवाजाचा तो अखंड सूर ऐकत होते. इतकं सुख मला त्या स्वयंपाकघरात कधी झालं नव्हतं. बाहेर आले तर हुपरीकर साहेब रुमालानं डोळे पुसत होते, हसून हसून. ग्राहक प्रतिनिधींनी पोह्यांची दुसरी बशी घेतली. सदस्य सचिवांना लिंबू सरबत एवढं आवडलं की त्यांनी साखर किती घालता विचारलं. निघताना साहेब म्हणाले, “तुमच्या बहिणीचा स्वभाव फार लोभस आहे.”

गाडीचा धुरळा बसतोय न बसतोय तोवर जोतिराम पुन्हा खांबावर.

“आता काय रं?” आक्का.

“टेस्टिंग, आक्का.”

खाली शेंडगे जीपमध्ये बसून हॉर्न वाजवत होते. त्यांना पुढं कुठं तरी जायचं असावं. जोतिरामनं वर काय केलं ते आम्हाला कळायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रशर सुरू झाला आणि दिवा लाल झाला. मशीन ओरडायला लागलं. आक्कानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, थोडा वेळ असेल. दुपारपर्यंत ती गज धरून कुशीवर झाली. मी शेंडग्यांना फोन केला, त्यांनी उचलला नाही. जोतिराम आमच्या गल्लीतून जायचा बंद झाला. मागच्या पांदीनं जायचा.

मग मंचाचा आदेश आला. आक्कानं खुणेनं सांगितलं, मोठ्यानं वाच. मी वाचायला लागले. पुढचं तसंच्या तसं सांगते, कारण ते मला पाठ आहे.

“स्थळपाहणीच्या वेळी विद्युत दाब विहित मर्यादेत आढळला. श्वसनयंत्र सुरळीत चालू होते. रुग्ण महिला या मंचाच्या सदस्यांशी बराच वेळ, सलग व विनासायास बोलत होत्या, ही बाब मंचाने प्रत्यक्ष अनुभवली. सबब तक्रारीत तथ्य नाही.”

मी थांबले. आक्कानं बोटानं खूण केली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. तिचे ओठ हलले. एकेका शब्दामागं ती थांबत होती आणि मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

“मी... बोलले... म्हून?”

एसटीत दारुडे बघितले, खिसेकापू बघितले, चालत्या गाडीत बायकांच्या अंगावर रेलणारे बघितले. त्या सगळ्यांचा राग यायचा. हे वाचून राग आला नाही, शिसारी आली. त्या माणसांनी आमच्या घरात बसून पोहे खाल्ले होते.

त्यावर अपील करता येतं, वर विद्युत लोकपाल असतात, हे मला कळलं. मी अर्ज लिहायला घेतला. अर्ज अर्धा झाला असताना एके दिवशी सकाळी वारं सुटलं. वादळ नव्हे, साधं वारं. शेजारच्या घरात फट्‌ करून दिवा फुटला. पलीकडं कुणाचा तरी टीव्ही जळाल्याची बोंब उठली. आमचा पंखा वेड लागल्यासारखा फिरायला लागला. मी बटणाकडे धावले, पण माझ्या गुडघ्यांचं धावणं ते काय. स्टॅबिलायझरमधून धूर निघाला, मशीननं एकदाच ठक्‌ असा आवाज केला आणि गप्प झालं. या खेपेला ते ओरडलंसुद्धा नाही.

सिलिंडर लावला. गल्लीतल्या पोरांनी जीप आणली. तालुक्याचा रस्ता तुम्हाला माहीत नसेल, क्रशरच्या डंपरांनी त्याची चाळण केलेली. सिलिंडर वाटेतच संपला. आक्कानं माझा हात धरला होता. तिला काहीतरी सांगायचं होतं, ओठ हलत होते. मी कान लावला. सांगण्याइतकी हवा तिच्याकडे नव्हती. दवाखाना दिसायच्या आत तिचा हात सैल पडला.

सावडायच्या दिवशी जोतिराम आला. दारातच बसला, आत ये म्हटलं तरी येईना.

“ताई, मला मारा,” तो म्हणाला.

“काय झालं?”

“पाहनीसाठनं तुमची गल्ली शाळंजवळच्या ट्रान्सफॉर्मरवर टाकली हुती. तितं लोड न्हाई, दाब चांगला. साहेबांनी सांगितलं, मंच येऊन गेला की परत हुती तितं जोड. लगीच जोडली. साहेब खालनं हॉर्न मारत हुतं. घाईत न्यूट्रलची तार नुसती पिळून ठिवली. उद्या नीट करू म्हनलं.”

“आणि?”

“ऱ्हाऊन गेलं.”

ती तार वाऱ्यानं सुटली होती. ती सुटली की घरातला दाब दुप्पट होतो, मशीनं जळतात, हे मला नंतर समजावून सांगितलं गेलं. जोतिराम रडत होता. खरं रडत होता, त्यात खोट नव्हती. आक्कानं त्याला नागडा फिरायचा तेव्हापासून बघितला होता.

“हे मंचापुढं सांगशील?” मी विचारलं.

“सांगतो,” तो म्हणाला. “आक्काची आन.”

लोकपालांचा अर्ज अर्धाच ठेवला; ज्यांनी लिहिलं त्यांनीच ते खोडावं असं वाटलं, म्हणून मी पुन्हा मंचाकडे तक्रार केली. गावातल्या शहाण्यांनी सल्ले दिले, नुकसानभरपाई माग, भरपूर माग. मला भरपाई नको होती. मी एकच गोष्ट मागितली. पहिल्या आदेशात दुरुस्ती करा. पाहणीच्या दिवशी आमच्या घरातली वीज दुसरीकडून जोडलेली होती, त्यामुळे मंचानं जे बघितलं ते खरं नव्हतं, एवढं लिहा. आक्का खोटी तक्रार करून मेली असं कागदावर राहता कामा नये.

पुन्हा तोच वरचा मजला, तोच चहा. शेंडग्यांच्या शेजारी जोतिराम उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याच्या घरात इस्त्री नाही, मला माहीत आहे.

“जोडणी बदलली होती का?” शेंडग्यांनीच त्याला विचारलं.

“न्हाई जी.”

“पाहणीच्या आदल्या दिवशी खांबावर काय करत होतास?”

“झाडाच्या फांद्या छाटल्या.”

आमच्या खांबाजवळ झाड नाही. मी तसं ओरडून सांगितलं. जोतिरामनं माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. आक्काची आण घेणाऱ्या त्या तोंडाची मला इतकी किळस आली की मीच मान फिरवली.

सदस्य सचिवांनी पहिला आदेश उघडून पुढं सरकवला. “शिवाय या मंचाच्या आदेशातच नमूद आहे, की दाब योग्य होता. मंचानं स्वतः पाहिलेलं आहे. याहून मोठा पुरावा कुठला?”

“अहो, तोच आदेश चुकलाय म्हणून मी आलेय!” मी म्हणाले. “कंडक्टरनंच तिकीट फाडायचं आणि कंडक्टरनंच तपासनीस म्हणून गाडीत चढायचं, असं कुठं असतं का?”

ग्राहक प्रतिनिधी पेन्सिलीला टोक काढत होते. त्यांना मी म्हणाले, “तुम्ही तर माझ्या बाजूचे ना? तुम्ही आमच्या घरी आला होता. तुम्हाला काही म्हणायचं नाही?”

“मंच एकमतानं निर्णय घेतो,” ते म्हणाले आणि पेन्सिलीचं टोक बघायला लागले.

हुपरीकर साहेबांनी हात वर केला, सुनावणी संपल्याचं सांगितलं. बाकीचे उठले. मी उठायला लागले तेव्हा ते म्हणाले, “बाई, तुम्ही थांबा जरा.” सगळे बाहेर जाईपर्यंत ते थांबले. मग त्यांनी स्वतः उठून मला पाण्याचा ग्लास दिला.

“आता बोलतोय ते नोंदीत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही खोटं बोलत नाही, मला कळतं. वाईट वाटून घेऊ नका. हे असंच असतं.”

“असंच म्हणजे?”

“पाहणीची नोटीस दोन्ही बाजूंना द्यावी लागते. आता पाहुणे येणार हे कळल्यावर कोण घर सारवत नाही? मी इथं आल्यापासून पुष्कळ पाहण्या केल्या. पाहणीच्या दिवशी दाब कमी सापडलाय असं एकदाही झालं नाही.” ते हसले. कडवट हसले असते तर मी समजून घेतलं असतं. ते कौतुकानं हसले, पोरांच्या खोडीला हसावं तसे.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“अंदाज असतोच.”

“मग न सांगता का आला नाहीत?”

“ते कंपनीवर अन्यायाचं झालं असतं. दुसऱ्या बाजूला पूर्वसूचना मिळायलाच हवी. नैसर्गिक न्यायाचं तत्त्व आहे ते. मी आयुष्यभर पाळलं.” आणि खरंच, त्यांच्या चेहऱ्यावर आयुष्यभर काहीतरी पाळल्याचं समाधान होतं. स्वच्छ माणूस. लाच खात नसणार, खोटं बोलत नसणार, घरी देवपूजा करत असणार. मला त्यांच्या हातातलं पाणी प्यावंसं वाटेना. मी ग्लास तसाच टेबलावर ठेवला.

“तुमच्या बहिणीची मला खूप आठवण येते,” ते म्हणाले. त्यांना माझं सांत्वन करायचं होतं. “काय बोलक्या होत्या! तुम्ही आत सरबत करत होता. मी आपलं सहज विचारलं, आजी, आता बरं वाटतंय ना? तर मला म्हणतात, ‘साहेब, तुमी रोजच येत जावा. तुमी येनार म्हनलं की आमची लाईट सुधारतीया आन्‌ मला दम येतोय. एकडाव न सांगता या, मग बगा, ह्या तोंडातनं शबुद निघायचा न्हाई.’” त्यांनी आक्काची नक्कल चांगली केली, हातवाऱ्यांसकट. “आम्ही किती हसलो! मी घरी जाऊन मिसेसनाही सांगितलं.”

तो मध घातलेला आवाज, तो रुमाल, ते पांढरे केस, सगळ्याचीच मला ओकारी यायला लागली. आक्कानं सांगितलं होतं. माझ्यासारखं आरडाओरडा करून नाही, अर्ज लिहून नाही. खाटेवर बसून, हसत हसत, तिघांच्या तोंडावर सांगितलं होतं. मी दुरुस्ती झाली म्हणून पोहे परतत होते तेव्हा तिनं सगळं ओळखलं होतं.

“साहेब,” मी म्हणाले, “आदेशात तुम्ही लिहिलंय, ती सलग बोलत होती. ती काय बोलत होती ते का नाही लिहिलं?”

टेबलावरचं पेन उचलून त्यांनी त्याचं टोपण लावलं.

“आता लिहा,” मी म्हणाले. “मला दुसरं काही नको. तिचं ते वाक्य, जसंच्या तसं. तिची साक्ष आहे ती.”

“तसं करता येणार नाही, बाई,” हुपरीकर साहेब हळुवारपणे म्हणाले. “त्या शपथेवर नव्हत्या.”

मग त्यांनी घंटी वाजवून पुढच्या तक्रारदाराला आत बोलावलं.